बेटावरचं गाव

रहिमतपूर, कोरेगाव, औंध, वाई या बाजूला राहणाऱ्या आपणा मंडळींना 'बेट' म्हटलं की प्रथम आठवतं ते बांबूचं बेट. समुद्रातलं बेट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं ते भूगोलाच्या पुस्तकात. चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपण लहानपणी पाठ केली. आणि आपल्यातले जे पुढे शिक्षक झाले त्यांनी ती पुढच्या पिढीकडून पाठ करून घेतली. व्याख्या बरोबरच आहे. पण तिच्यात पाणी आहे, जमीन आहे. माणूस मात्र नाही. त्या जमिनीच्या तुकड्यावर कुणी चूल पेटवतं का, त्या चुलीला लाकूड कुठून येतं, पोराला ताप भरला तर त्याला कुठं नेतात, हे ती सांगत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला पुसायचं असतं ते नेमकं हेच.

म्हणून आज आपण बेटांवर राहणाऱ्या आपल्याच मराठी माणसांची थोडी चौकशी करू. त्यासाठी दूर कुठं जायला नको. मुंबईजवळची घारापुरी, मुरूडजवळचा जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग ही तीन ठिकाणं पुरेत. आणि शेवटी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या एका खोऱ्यात येऊ. तिथं समुद्र नाही, तरी बेटाचं जिणं काय असतं हे तिथल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बेट म्हणजे जगापासून तुटलेली, एका कोपऱ्यात पडलेली जागा, असं आपण धरून चालतो. जुन्या काळी गोष्ट उलटी होती. सह्याद्रीचे घाट चढायचे म्हणजे बैलांच्या पाठीवर गोणी लादून दिवसच्या दिवस चालायचं. पावसाळ्यात तर तोही मार्ग बंद. समुद्रावर मात्र वारा अनुकूल असला की एक गलबत शेकडो बैलांचं ओझं घेऊन बंदरामागून बंदर गाठत जाई. त्या काळचा हमरस्ता समुद्र हाच होता, आणि हमरस्त्याच्या मधोमध असलेलं बेट म्हणजे नाक्यावरचं गाव. आज एस. टी. स्टँडजवळच्या जागेला जी किंमत, ती तेव्हा चांगलं बंदर आणि गोडं पाणी असलेल्या बेटाला.

याला पुरावा आहे. कर्नाटकात ऐहोळे येथे इ. स. ६३४ मधला एक शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या पराक्रमाचं वर्णन रविकीर्ती नावाच्या कवीने त्यात केलं आहे. कोकणच्या मौर्यांचा पाडाव करताना पुलकेशीने पुरी नावाच्या नगरीवर शेकडो नौका घेऊन चाल केली, असं तो म्हणतो, आणि त्या नगरीला पश्चिम समुद्राच्या लक्ष्मीची उपमा देतो. ही पुरी कोणती, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कुणी म्हणतात घारापुरी. कुणी म्हणतात जंजिऱ्यासमोरची राजपुरी. आपल्याला त्या वादात पडायचं कारण नाही. एवढं ध्यानात ठेवू, की तेराचौदाशे वर्षांपूर्वी एका बलाढ्य राजाला जी नगरी जिंकावीशी वाटली ती समुद्राच्या काठावर किंवा समुद्रात होती, आणि तिच्यावर चालून जायला त्याला घोड्यांपेक्षा नावा अधिक उपयोगी पडल्या.

घारापुरीची लेणी तुम्हांपैकी अनेकांनी सहलीच्या निमित्ताने पाहिली असतील. सहाव्या शतकाच्या मध्याला एवढा डोंगर कोरायचा, ती भव्य त्रिमुखी शिवमूर्ती घडवायची, म्हणजे शेकडो कारागीर वर्षानुवर्षं त्या बेटावर राहिले असले पाहिजेत. त्यांना धान्य, लोखंडाच्या छिन्न्या, दिव्यांना तेल हे सर्व नावेतून येत असणार. उपेक्षित, कोपऱ्यातल्या जागी असं काम होत नसतं. कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी या बेटावर सापडली आहेत, त्यावरून लेण्यांचा संबंध त्याच्या काळाशी जोडतात. पुढे १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. बंदराजवळचा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ साली तो हत्ती उचलून इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा तो फुटला. त्याचे तुकडे जुळवून उभा केलेला हत्ती आज मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. बेटाला नाव देणारा हत्ती मुंबईत, आणि बेट समुद्रात! पण तिथल्या लोकांनी ते परकं नाव मनावर घेतलं नाही. त्यांच्या तोंडी गावाचं नाव घारापुरीच राहिलं.

आता जंजिऱ्याकडे वळू. 'जंजिरा' हा शब्दच मुळी बेट या अर्थाच्या 'जझीरा' या अरबी शब्दावरून आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या कोळ्यांनी चाचांपासून बचाव व्हावा म्हणून खाडीच्या तोंडाशी असलेल्या या खडकावर लाकडी मेढे ठोकून एक कोट उभा केला. त्याचं नाव मेढेकोट. राम पाटील नावाचा कोळ्यांचा नायक तिथं होता. अहमदनगरच्या निजामशाहीतर्फे आलेल्या सरदाराने तो कोट युक्तीने घेतला, आणि पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं दगडी तट चढला. नंतर तिथं सिद्दींची सत्ता स्थिरावली. सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले; म्हणून आपल्या जुन्या कागदांत त्यांना हबशी म्हटलं आहे.

हा किल्ला कुणालाच का घेता आला नाही? तटबंदी भक्कम आणि तोफा मोठ्या, हे उत्तर आपण देतो, आणि ते खरंही आहे. पण अभेद्य तटाच्या आत माणूस तहानेनं मेला तर तट काय कामाचा? जंजिऱ्याच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे बांधीव तलाव आहेत. भोवती अथांग खारं पाणी आणि मधोमध गोडं पाणी! मला विचाराल तर जंजिऱ्याची खरी तटबंदी हे तलावच. बेटावर वस्ती होणार की नाही, हे राजा ठरवीत नाही. पाण्याची विहीर ठरवते. आपल्या माण-खटावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पाण्यानंतर येतं धान्य. ते बेटावर पिकत नाही, किनाऱ्यावरून यावं लागतं. आणि इथं बेटावरच्या माणसाचा जीव दुसऱ्याच्या हातात जातो. शिवाजी महाराजांचं या संबंधातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी जवळच्याच कांसा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग बांधायला घेतला होता. तिथल्या आरमारासाठी रक्कम आणि गल्ला पुरवावा असा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला झाला होता. त्याने चालढकल केली. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला जे पत्र लिहिलं, त्यात त्याची अशी कानउघाडणी केली आहे की वाचताना आजही अंगावर काटा येतो. हबशाने तुम्हांला आपलंसं करून घेतलं की काय, असा संशय त्यात आहे. आणि ब्राह्मण म्हणून कुणी मुलाहिजा करणार नाही, अशी स्पष्ट समजही आहे.

महाराज एवढे का रागावले? किनाऱ्यावरच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाला चार दिवसांचा उशीर म्हणजे चार दिवसांचा उशीर. समुद्रातल्या खडकावर, शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात पहारा करणाऱ्या माणसाला तोच उशीर म्हणजे उपासमार. घाटावरच्या किल्ल्यावरची शिबंदी निदान रात्री खाली उतरून कुणाच्या शेतातली कणसं तरी मोडून आणील. बेटावरच्यांना तीही सोय नाही. हे अंतर महाराजांनी ओळखलं होतं. बेटावरच्या माणसाशी कारभार कसा करावा याचा धडा त्या एका पत्रात आहे, आणि तो साडेतीनशे वर्षांनीही जुना झालेला नाही.

जंजिऱ्याचा आणि आपल्या साताऱ्याचा संबंध तर फारच जवळचा. फेब्रुवारी १७२७ मध्ये सिद्दी सात याने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान उद्ध्वस्त केलं. तिथले ब्रह्मेंद्रस्वामी दुखावून घाट चढून आले आणि साताऱ्याजवळ धावडशीला राहिले. छत्रपती शाहू महाराजांनी १७३३ मध्ये सिद्दीविरुद्ध मोहीम काढली. बाजीराव पेशवे गेले, श्रीपतराव प्रतिनिधीही गेले. हे प्रतिनिधींचं घराणं म्हणजे आपल्या शेजारच्या औंधचं. जून १७३३ मध्ये सिद्दीच्या ताब्यातला रायगड परत मिळाला. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. पण जंजिरा? तो राहिला तो राहिलाच. सरदारांत एकोपा नव्हता, आरमार पुरेसं नव्हतं, आणि बेटावरच्या लोकांना आपल्या दोन तलावांची आणि समुद्राच्या भरती-ओहोटीची खात्री होती.

तो जंजिरा आज कसा आहे? तट उभे आहेत, तोफा आहेत, तलावांत पाणी आहे. माणूस नाही. एके काळी आत मोहल्ले होते, मशिदी होत्या, नवाबाचा मजलेदार वाडा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवाबांनी किनाऱ्यावर मुरूडला नवा राजवाडा बांधला. मालकच किनाऱ्यावर राहायला गेल्यावर बाकीच्यांना थांबवणार कोण? १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या आधारानं जगणाऱ्यांचा आधार सुटला. हळूहळू एकेक घर किनाऱ्यावर गेलं. साडेचारशे वर्षं शत्रूला जे जमलं नाही, ते काही वर्षांत आपोआप झालं. आत जाऊन पाहाल तर पडक्या भिंतींतून देवळ्या दिसतात. दिवा ठेवायच्या जागा त्या. शत्रूने जाळलेलं गाव पाहून आपल्याला राग येतो. असं आपण होऊन उठून गेलेलं गाव पाहिलं की काय वाटावं तेच कळत नाही.

याच्या उलट गोष्ट सिंधुदुर्गाची. मालवणसमोर कुरटे नावाचं बेट होतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी तिथं किल्ल्याचा मुहूर्त केला आणि सुमारे तीन वर्षांत काम पुरं झालं. जवळजवळ ४८ एकरांचा हा परिसर. इथंही पहिली गोष्ट पाणीच. किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, आणि त्यांची नावं ऐका: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव! चारी बाजूंना मिठाचं पाणी असताना ज्याने आपल्या विहिरींना दूध, दही नि साखर अशी नावं दिली, त्या माणसाच्या मनात त्या पाण्याची काय किंमत असेल! राजाराम महाराजांनी या किल्ल्यात शिवराजेश्वराचं देऊळ बांधलं. तिथल्या महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही आणि डोक्याला कोळ्यासारखी टोपी आहे. समुद्रावरच्या लोकांनी राजालाही आपल्यातला करून घेतला, असंच म्हणायचं.

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढल्याच वर्षी तो करवीरकरांना परत मिळाला, आणि १८१२ च्या तहाने कायमचा इंग्रजांकडे गेला. आरमार गेलं, शिबंदी गेली. पण पूर्वी किल्ल्याच्या चाकरीत असलेल्यांची काही घराणी तिथंच राहिली. आजही किल्ल्यात पंधरा-वीस कुटुंबं आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत. कुणाकडे पूजा, कुणाकडे पिढीजात मान, आणि आता बहुतेकांचा आधार म्हणजे किल्ला पाहायला येणारे लोक. किनारा अर्ध्या किलोमीटरवर. कोंबडा आरवला तर इकडचा तिकडे ऐकू यावा एवढं अंतर. पण ते अर्ध्या किलोमीटरचं पाणी ओलांडायला होडी लागते, आणि होडीला समुद्राची मर्जी लागते.

आता हे बेटावरचं रोजचं जिणं कसं असतं ते जरा जवळून पाहू. आपलं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. बेटावरचं आणि सगळ्या किनाऱ्यावरचं वर्ष आगोटीच्या हिशेबाने चालतं. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड. वैशाख-ज्येष्ठात घरोघर एकच घाई: तांदूळ भरायचे, मिरच्या कुटून मसाला करायचा, सुकट, जवळा, बोंबील वाळवून ठेवायचे, लाकूडफाटा आत घ्यायचा, छपरं शाकारायची. समुद्र एकदा खवळला की होड्या वर ओढून ठेवतात. मग नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला नमस्कार करून घरात बसायचं. सिंधुदुर्गावर तर पर्यटकांच्या होड्या पावसाळ्यात बंदच असतात. त्या दिवसांत डब्यात काय आहे त्यावर संसार. घरधनिणीचा अंदाज एका पायलीने चुकला तर तो चुकलेलाच राहतो. दुकान पाण्यापलीकडे असतं.

वस्ती लहान असली की दुसरी एक गोष्ट घडते. एका माणसाला चार कामं यावी लागतात. होडी हाकणारा तोच, छप्पर दुरुस्त करणारा तोच, लग्नात वाजवणारा तोच आणि मयताला खांदा देणाराही तोच. भांडणं होत नाहीत असं नाही. माणसं आहेत तिथं भांडण आहेच. पण आपल्याकडे भावकीत बिनसलं तर माणूस वस्तीवर जाऊन राहतो, वर्षभर तोंड पाहत नाही. बेटावर कुठं जाणार? सकाळी ज्याच्याशी वाकडं बोललात, संध्याकाळी त्याच्याच होडीत बसायचं असतं. तेव्हा भांडण लांबवणं परवडत नाही. यात गोडी आहे तसा जाचही आहे. कुणाच्या घरी कोण आलं, कुणाची चूल आज पेटली नाही, हे सगळ्यांना कळतं. अडचणीच्या वेळी त्याचाच आधार होतो, आणि एरवी त्याचाच काच. तरुण पोरांना बाहेर जावंसं वाटतं ते नेहमीच पैशासाठी वाटतं असं नाही. चार लोकांच्या नजरेबाहेर जावं, असंही वाटतं. आपल्या वाड्यावस्त्यांवरही हे नाही असं कोण म्हणेल?

आणि समुद्र म्हणजे शेवटी समुद्र. १७ जुलै १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याला महिना उरला असताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. पाण्यावरून ये-जा करणाऱ्या माणसाच्या घरी दिवेलागणीला वाट पाहणारं कुणीतरी असतं, आणि त्या वाट पाहण्यात थोडी भीती कायम मिसळलेली असते.

मग प्रश्न असा, की एके काळी नाक्यावर असलेली ही बेटं कोपऱ्यात कशी गेली? बेट हललं नाही, समुद्र हलला नाही, वाट हलली. इंग्रजी अमदानीत घाटांतून पक्क्या सडका झाल्या, आगगाड्या आल्या. कोकणच्या किनाऱ्याला पुष्कळ वर्षं आगबोटींचा आधार होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याही बंद पडल्या. पुढे २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. चांगलंच झालं. पण जग गलबतातून उतरून गाडीत बसलं, आणि जिथं गाडी जात नाही ते गाव मागं राहिलं. जे पाणी बेटाला जगाशी जोडीत होतं, तेच आता त्याला जगापासून तोडू लागलं.

घारापुरीचंच उदाहरण घ्या. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या. मिळून सुमारे बाराशे माणसं. रात्री बेटावर उभं राहिलं की समोर मुंबईचा झगमगाट दिसतो. अवघ्या दहा किलोमीटरवर देशातलं सर्वांत श्रीमंत शहर. १९८७ मध्ये लेणी जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. जगभरचे लोक येत, लेणी पाहत, आणि संध्याकाळच्या लाँचने परत जात. मागे राहणाऱ्या गावकऱ्यांना जनरेटरवर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास उजेड मिळे, मग अंधार. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून या बेटावर वीज आली, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. पोरांच्या किती पिढ्या त्या अंधारात अभ्यासाला बसल्या असतील, याचा हिशेब कुठल्या वहीत मांडलेला नाही. मुंबईला घारापुरी दिसत होती ती लेण्यांची. माणसांची घारापुरी दिसायला वेळ लागला.

इथं कुणी म्हणेल, ही सगळी कोकणातली हकीकत झाली. आम्हां देशावरच्या लोकांना त्याचं काय? तर मंडळी, आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ.

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून कोयना दक्षिणेकडे वाहते. तिच्या काठाने गावं होती, भाताची खाचरं होती, गावातून गावाला जाणाऱ्या पायवाटा होत्या. नदी उन्हाळ्यात गुडघाभर. ओलांडून पलीकडे सोयरिकी होत. १९५० नंतरच्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, १९६० नंतर पाणी अडलं, आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा शिवसागर जलाशय तयार झाला. त्या पाण्यावरची वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली, कारखाने चालले, घरोघर दिवे लागले. या उपकाराबद्दल दुमत नाही. पण खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. काही लोक सांगली-सोलापूरकडे, काही ठाणे-रायगडकडे जाऊन वसले. काही मात्र गेले नाहीत. ते डोंगरउतारावर वर सरकले, आणि तिथंच राहिले.

जे राहिले त्यांचं काय झालं? कालपर्यंत ज्या गावाला चालत जायचं, त्या गावाच्या वाटेत पाणी आलं. पाठीशी सह्याद्रीचा कडा आणि घनदाट रान, पुढ्यात जलाशय. कांदाटी खोऱ्यातली गावं पाहा. बाजार, दवाखाना, मोठी शाळा, कचेरी, सगळं पाण्यापलीकडे. तापोळा आणि बामणोली ही त्यांची बंदरं झाली. आणि शब्द पाहा कसे आले ते! लाँच, तराफा, धक्का हे कोकणातले शब्द जावळीच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले. आपले घाटावरचे शेतकरी लाँचच्या वेळा पाहून औत सोडू लागले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला चिखलाचा रेंदा होतो, लाँच काठापर्यंत येत नाही. पावसाळ्यात वारा आणि धुकं. आजाऱ्याला डोलीत घालून धक्क्यापर्यंत आणायचं आणि मग पाण्याकडे पाहत थांबायचं.

कोळ्याला पाणी हा रस्ता असतो, कारण त्याच्या बापजाद्यांनी त्याला होडी शिकवलेली असते. कोयनेकाठच्या शेतकऱ्याला ते शिक्षण नव्हतं. त्याच्यापुढे एकाएकी पाणी आलं ते भिंतीसारखं. समुद्रातलं बेट निसर्गाने केलेलं. हे आपण केलेलं. आपल्या घरातला दिवा कोयनेच्या विजेवर लागला असेल, तर त्या काठावरच्या लाँचची चौकशी करणं हे आपलंही काम आहे. धान्याला उशीर केला म्हणून एका सुभेदाराला महाराजांनी जे पत्र लिहिलं, ते अशा वेळी आठवावं. लाँचचा तेल-पाण्याचा खर्च, धक्क्याची दुरुस्ती, आठवड्यातून डॉक्टरची एक फेरी या गोष्टी काठावरच्या कचेरीत बारीकसारीक दिसतात. पलीकडून पाहिलं तर त्यांच्यावाचून दिवस अडतो.

जंजिरा ओस पडला आणि सिंधुदुर्गावर चूल पेटते आहे, यातून काय घ्यायचं? दोन्हीकडे गोडं पाणी होतं, दोन्हीकडे तट होते. एका ठिकाणी माणसं दरबारच्या आधाराने राहत होती. दरबार गेला तशी ती गेली. दुसऱ्या ठिकाणी देऊळ होतं, पिढीजात काम होतं, मालवणच्या बाजाराशी रोजचा व्यवहार होता. आधार एकाऐवजी चार होते, म्हणून एक तुटला तरी बाकीच्यांवर निभावलं. हे समुद्रातल्या गावापुरतंच खरं आहे असं मला वाटत नाही. डोंगरातल्या वाडीला, एका कारखान्यावर किंवा एकाच पिकावर जगणाऱ्या गावाला, हाच हिशेब लागू पडतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना जाता जाता एक सुचवावंसं वाटतं. बेटाची व्याख्या शिकवाल त्या दिवशी मुलांना फळ्यावर आपल्याच गावाचा नकाशा काढायला लावा. मग विचारा: मीठ कुठून येतं? रॉकेल, गॅस, औषध कुठून येतं? कमंडलू नदीला पूर येऊन चार दिवस पूल बंद पडला तर कुणाचं काय अडेल? गावातली कोणती वस्तू गावातच होते, आणि कोणती बाहेरून यावीच लागते? कोणत्या वाडीतल्या मुलाला शाळेला यायला ओढा ओलांडावा लागतो, आणि ओढ्याला पाणी आलं की तो मुलगा हजेरीपटावर गैरहजर का लागतो? मुलं उत्तरं शोधून आणतील, घरी म्हाताऱ्यांना विचारतील. त्यातल्या एखाद्या मुलाच्या घरची मंडळी मूळची कोयनेकाठची निघतील, आणि पाण्याखाली गेलेल्या गावाचं नाव वर्गात उच्चारलं जाईल. ते नाव वहीत लिहून घ्या. खाचरं कुठं होती, देऊळ कुठल्या अंगाला होतं, नदी कुठं ओलांडत, हेही त्यांना आठवत असेल तोवर विचारून ठेवा. सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.